झाडाची साल आणि कर्करोगावरील लस

वनस्पतींपासून काढलेली काही द्रव्ये कर्करोगावरील लशींत प्रतिकारशक्ती चेतविण्यासाठी घालून पाहिली गेली आहेत, हे विधान खरे आहे. अमुक झाडाचे चूर्ण पोटात घेतले असता प्रतिकारशक्ती वाढून कर्करोग बरा होतो, हे विधान खोटे आहे. दोहोंतले शब्द जवळजवळ तेच आहेत आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. पहिल्या विधानाची पुण्याई दुसऱ्याच्या डब्यावर छापून विकण्याचा धंदा आपल्याकडे जोरात चालतो. आणि त्याचे गिऱ्हाईक असते ते बहुधा दुखण्याने आणि खर्चाने टेकीस आलेले कुटुंब.

आम्ही डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले, आणि जे काही शिक्षण झाले ते शाळा सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण युनियनचे काम म्हणजे केवळ पगारवाढीचा करार नव्हे. कामगार विम्याच्या इस्पितळाचे कागद, ग्रॅच्युइटीचा तगादा, आजारपणासाठी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढावयाचे अर्ज, हे सारे त्यातच येते. आणि अशा अर्जांवरून घराघरांत काय चालले आहे ते कळते. एका सभासदाच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झाला. इस्पितळातील उपचार अर्ध्यावर थांबवून फंडातली रक्कम एका ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ चूर्णाच्या डब्यांवर खर्च झाली. बाई गेली. पुढे त्या गृहस्थाने आम्हांस जो प्रश्न विचारला तो अडाणीपणाचा नव्हता. तो म्हणाला, “भाऊ, शास्त्रज्ञसुद्धा झाडाच्या सालीपासूनच औषध काढतात ना? मग आमच्या चूर्णानं काय घोडं मारलं होतं?” ह्या प्रश्नावर चिडणे सोपे आहे. नीट उत्तर द्यावयाचे तर थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते.

आपल्या शरीरात पहारेकरी पेशींची मोठी फौज आहे. लस टोचणे म्हणजे त्या फौजेला शत्रूची आगाऊ ओळख करून देणे. त्यासाठी मेलेला रोगजंतू, त्याचे निर्विष केलेले विष किंवा त्याच्या अंगावरचा एखादा तुकडा वापरतात. ओळख पटविणाऱ्या ह्या वस्तूस प्रतिजन म्हणतात. परंतु नुसती ओळख पुष्कळदा पुरत नाही. आमच्या कामातले उदाहरण द्यावयाचे तर प्रतिजन म्हणजे मागणीपत्रक होय. ते कितीही चोख लिहिलेले असले तरी सूचनाफलकावर चिकटवून ठेवल्याने चार जण वाचतील आणि आपापल्या खात्यात निघून जातील. माणसे जमवावयाची तर भोंगा वाजला पाहिजे. लशीतला हा भोंगा म्हणजे साहाय्यक द्रव्य. शास्त्रज्ञ त्यास ॲडज्युव्हंट म्हणतात आणि त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘साहाय्य करणे’ असाच आहे. हे द्रव्य स्वतः कोणत्याही रोगाशी लढत नाही. भोंग्याने कधी कोणाचा पगार वाढलेला नाही; ते काम मागणीपत्रकाचे आणि जमलेल्या माणसांचे.

ह्या भोंग्याचा शोध घोड्यांच्या तबेल्यात लागला. पॅरिसजवळ गार्श येथे पाश्चर संस्थेचे गास्ताँ रामाँ हे पशुवैद्य घटसर्पावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळवीत असत. त्यांच्या ध्यानात आले की, टोचल्याजागी ज्या घोड्यास गळू होई त्याच्या रक्तात प्रतिविष अधिक निघे. मग त्यांनी मुद्दाम सूज आणणारे पदार्थ लशीत मिसळून पाहिले. १९२५ च्या सुमाराची त्यांची यादी एखाद्या किराणा दुकानाची वाटावी अशी आहे. आपला उपासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका तीत आहे, पावाचा चुरा आहे, आणि सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस आणणारे वनस्पतिद्रव्य, हेही आहे. १९२६ साली इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटीचा गुण दाखवून दिला. ॲल्युमिनियमचे क्षार आजही बालकांच्या त्रिगुणी लशीत असतात. तो सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू भोंगा होय.

सॅपोनिन आपल्या परिचयाचे आहे. रिठा आणि शिकेकाई यांना फेस येतो तो त्यामुळेच. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात किलाय नावाचे सदाहरित झाड आहे. तेथील मापुचे लोक त्याची साल पाण्यात घुसळून केस आणि कपडे धूत आले आहेत. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला म्हणजे जी आग होते ती आठवावी. सॅपोनिन पेशींच्या स्निग्ध आवरणास भोके पाडते. रक्तात मिसळले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे ज्या गुणामुळे ते पहारेकऱ्यांस जागे करते, त्याच गुणामुळे ते विषही आहे. ह्यापुढील सगळी कथा ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडविण्याच्या खटपटीची आहे.

१९७४ साली डेन्मार्कचे क्रिश्चन डाल्सगार्ड यांनी किलायच्या सालीच्या अर्कातून बरेच शुद्ध मिश्रण काढले. ‘क्विल-ए’ नावाने ते गुरांच्या लाळ-खुरकतीच्या लशीत उपयोगी पडले; माणसांस मात्र ते सोसण्यासारखे नव्हते. पुढे अमेरिकेत शार्लट केन्सिल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या मिश्रणाची एकेका घटकात फोड केली. साल एकच, पण तिच्यात वीसहून अधिक सॅपोनिने निघाली. कोणी जालीम, कोणी निरुपयोगी. एकविसावा घटक तेवढा जोरकस असून त्या मानाने सौम्य निघाला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून त्याचे ‘क्यूएस-२१’ हे नाव रूढ झाले. त्यास कोलेस्टेरॉल घातलेल्या चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत कोंडले असता रक्तपेशी फोडण्याचा त्याचा दोष निघून जातो, हेही नंतर साधले. प्रौढांच्या नागिणीवरील लशीत त्याची मात्रा ५० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एका ग्रॅमात वीस हजार टोचण्या. चमच्याने खावयाच्या चूर्णाचा आणि ह्या मोजमापाचा काही संबंध नाही, हे एवढ्यावरूनही दिसेल.

हे द्रव्य करते काय? टोचल्याजागी आणि जवळच्या लसिकाग्रंथींत ते गडबड उडवून देते. पहारेकरी पेशी तेथे धावतात, सोबत आलेला प्रतिजन गिळतात आणि त्याचा तुकडा वर धरून लढाऊ पेशींना दाखवीत फिरतात. ही दाखविण्याची कामगिरी मुख्यतः फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या शाखायुक्त पेशी करतात. त्यांचा शोध १९७३ साली राल्फ स्टाइनमन यांनी झानव्हिल कोहन यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये लावला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, भोंगा आणि मागणीपत्रक एकाच जागी आणि जवळजवळ एकाच वेळी पोहोचावे लागते. आज भोंगा वाजवून पुढच्या महिन्यात पत्रक वाटले तर काही होत नाही. शिवाय हा गलबला थोड्या दिवसांत ओसरतो, आणि ओसरावाच लागतो. प्रतिकारशक्ती ही नुसती वाढवीत न्यावी अशी वस्तू नव्हे. ती बेभान झाली म्हणजे आपल्याच सांध्यांवर, आपल्याच यकृतावर चालून जाते. आमवातासारखे कित्येक रोग असेच होतात.

योग्य मागणीपत्रकाबरोबर वाजला तेव्हा ह्या भोंग्याने मोठी कामे केली आहेत. नागिणीचा विचार करा. ‘तोंडाला तोंड मिळाले की माणूस जातो’ ही समजूत खोटी आहे, पण वृद्धांच्या अंगावर महिनोन् महिने राहणारी ती आग मात्र खरी आहे. उतारवयात लस फारशी लागू पडत नाही, असा सर्वसाधारण अनुभव. परंतु नागिणीच्या विषाणूचा एक तुकडा, क्यूएस-२१ आणि एका जंतूच्या आवरणातून काढलेले दुसरे साहाय्यक द्रव्य यांची जोडणी करून केलेल्या लशीने पन्नाशीपुढील माणसांत सुमारे ९७ टक्के संरक्षण दिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले. २०१७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २०२१ साली तेथेच, रोगाने किंवा उपचारांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या प्रौढांसाठीही ती मंजूर झाली. अशांत कर्करोगाचे रुग्णही येतात. म्हणजे चिलीतील साल आज कर्करोग्याच्या उपयोगी पडते ती अशी: त्याचा कर्करोग बरा करून नव्हे, तर उपचारांच्या काळात उठणारी नागीण टाळून.

पुणेकरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिवतापावरील आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झाली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती तयार करते. तिच्यातला भोंगाही किलायच्या सालीचाच आहे. सॅपोनिनच्या त्या बांधणीस ‘मॅट्रिक्स-एम’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट येथे मुलांना ती नेमाने टोचण्यास आरंभ झाला. चिलीच्या डोंगरातली साल आणि पुण्यातल्या कामगारांचे हात यांतून आफ्रिकेतली पोरे वाचतात, ह्याचा अभिमान वाटणे गैर नाही.

आता कर्करोगाकडे वळू. येथे अडचण निराळ्या जातीची आहे. हिवतापाचा जंतू परका. कर्करोगाची पेशी घरची. संपात फूट पाडावयास बाहेरून आणलेला माणूस चटकन ओळखू येतो; पण आपल्याच खात्यातला, आपल्याच गणवेशातला माणूस फितूर झाला तर त्याला कसे ओळखावे? कर्करोगाच्या पेशीवर परकेपणाच्या खुणा थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या माणसागणिक बदलतात. शिवाय गाठ वाढली की ती पहारेकऱ्यांना गुंगविण्याच्या युक्त्या करते. लढाऊ पेशींच्या अंगावर त्यांना आवरणारे गतिरोधक असतात. गाठ नेमके तेच दाबून धरते. हे गतिरोधक सोडविण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही शास्त्रज्ञांनी वनस्पतिजन्य भोंगा कर्करोगावर वाजवून पाहिला, आणि तो प्रामाणिकपणे वाजवून पाहिला. कातडीच्या मेलानोमा नावाच्या कर्करोगात पेशींवर ‘जीएम-२’ हे साखर-चरबीचे द्रव्य पुष्कळ आढळते. तेच प्रतिजन म्हणून घेऊन, ते एका सागरी गोगलगाईच्या प्रथिनास जोडून, त्यात क्यूएस-२१ मिसळून लस केली. रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. भोंगा वाजला, माणसे जमली. परंतु अमेरिकेतील चाचणीत ही लस इंटरफेरॉन ह्या प्रचलित औषधापुढे मागे पडल्याचे दिसून २००० साली तुलना थांबवावी लागली. युरोपात १,३१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत गाठ काढल्यावर निम्म्यांना लस दिली आणि निम्म्यांना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. लस घेणाऱ्यांचा काहीच लाभ होत नाही, असे दिसून २००७ साली तीही आवरती घेण्यात आली.

दुसरा प्रयत्न त्याहून मोठा. फुफ्फुसाच्या एका जातीच्या कर्करोगात सुमारे एक-तृतीयांश गाठींत ‘मेज-ए-३’ नावाचे प्रथिन आढळते, आणि निरोगी शरीरात ते जवळजवळ कोठेच नसते. मागणीपत्रक ह्याहून चांगले कोणते हवे? त्यास क्यूएस-२१ आणि आणखी दोन साहाय्यक द्रव्ये अशी तीन भोंग्यांची जोड दिली. गाठ शस्त्रक्रियेने काढलेल्या २,२७२ रुग्णांना एक तर ही लस किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय टोचणी देण्यात आली. कोणास काय दिले हे रुग्णास ठाऊक नव्हते, डॉक्टरासही नव्हते. २०१४ साली निकाल आला. रोग न उलटता गेलेला मध्यम काळ लस घेणाऱ्यांत ६०.५ महिने आणि न घेणाऱ्यांत ५७.९ महिने, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. मेज-ए-३ हे प्रथिन पेशीच्या पोटात असते आणि प्रतिपिंडे तेथे पोहोचत नाहीत. तेथे मारेकरी पेशी लागतात, आणि त्या पुरेशा उभ्या राहिल्या नाहीत, असे अपयशाचे एक कारण सांगतात.

रक्तात प्रतिपिंडे वाढली आणि आयुष्य मात्र वाढले नाही, हा ह्या चाचण्यांचा धडा आमच्या मते सर्वांनी, विशेषतः चूर्णाच्या डब्यावरील जाहिरात वाचणारांनी, मनावर कोरून ठेवावा. ‘प्रतिकारशक्ती वाढली’ हे उत्तर नव्हे. सभेला गर्दी झाली म्हणजे करार झाला असे नव्हे, हे आम्हांस शिकवावयास नको. ह्या चाचण्यांस नुसते अपयश म्हणणेही अन्यायाचे होईल. हजारो आजारी माणसांनी आपले शरीर त्यासाठी दिले आणि म्हणून आज खात्रीने काही सांगता येते. चूर्णवाल्यांच्या धंद्यात अपयश कधी येतच नाही, कारण तेथे मोजणीच होत नाही. मेलेला माणूस तक्रार करावयास परत येत नाही.

आशा सुटलेली आहे असेही नाही. शाखायुक्त पेशींचा शोध लावणारे स्टाइनमन यांनाच २००७ साली स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. इतर उपचारांबरोबर त्यांनी आपल्याच गाठीपासून केलेल्या लशी स्वतःवर घेऊन पाहिल्या. ते साडेचार वर्षे जगले आणि २०११ साली नोबेल पारितोषिक जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी वारले. त्या लशींमुळे आयुष्य वाढले की काय, हे एका माणसावरून ठरत नाही. आणि तसा दावा करावयाचा नसतो ही शिस्त म्हणजेच शास्त्र. आज प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील खास खुणा शोधून त्यांवर लस बेतण्याचे आणि तिला गतिरोधक सोडविणाऱ्या औषधांची जोड देण्याचे प्रयोग चालू आहेत. सालीच्या तुटवड्यावरही उपाय निघत आहे. २०२४ साली कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या चमूने यीस्टच्या पेशींत जनुके बसवून साखरेपासून क्यूएस-२१ तयार करून दाखविले. ते झाड न तोडता द्रव्य मिळण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

आता त्या गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर. होय, शास्त्रज्ञ झाडापासून औषध काढतात. आपल्या दारच्या सदाफुलीतून १९५८ साली कॅनडात व्हिनब्लास्टिन वेगळे काढले गेले. तिच्याच व्हिनक्रिस्टिनने रक्ताच्या कर्करोगाची कित्येक मुले वाचविण्यास हातभार लावला. पण ती द्रव्ये कर्करोगाच्या पेशी मारणारी आहेत, शिरेतून तोलूनमापून दिली जातात, आणि सदाफुलीची पाने चावून खाणे हा जिवाशी खेळ आहे. ‘झाडाचे म्हणून निरुपद्रवी’ हे तर मुळीच खरे नव्हे. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांची यकृतबाधा मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. परंतु असा वाद उभा राहतो एवढ्यावरूनच, आपण जे काही घेतो ते उपचार करणाऱ्या डॉक्टरास सांगितले पाहिजे, हे उघड होते.

म्हणून ज्या ज्या वस्तूवर प्रतिकारशक्तीचे नाव असेल तिला तीन प्रश्न विचारावे. कोणत्या शत्रूविरुद्ध? किती माणसांवर आणि कोणाशी तुलना करून पाहिले? त्यांचे आयुष्य वाढले, की नुसता रक्तातला आकडा वाढला? किलायच्या सालीने ह्या तिन्ही प्रश्नांना तोंड दिले. नागीण आणि हिवताप ह्यांत ती उत्तीर्ण झाली, कर्करोगात अद्याप झालेली नाही. डब्यातले चूर्ण परीक्षेलाच बसलेले नसते.

आणि कर्करोगावर खरोखर चालणाऱ्या लशी आज आहेत, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. त्या झालेला रोग बरा करीत नाहीत. तो होऊच नये ह्याची तजवीज करतात. तैवानने १९८४ साली नवजात मुलांना कावीळ-ब ची लस देण्यास आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळे होतो. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी त्याची लस घेतलेल्या मुलींत हा रोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. पुण्यात तयार होणाऱ्या ‘सर्व्हाव्हॅक’ ह्या लशीस २०२२ साली परवानगी मिळाली. तिच्यातला भोंगा ॲल्युमिनियमचा, म्हणजे ग्लेनींच्या तुरटीच्या कुळातला. मागणीपत्रक अचूक असेल तर साधा भोंगाही पुरतो.

कामगारांस आमचे सांगणे एवढेच की, फंडातली रक्कम डब्यावर उधळू नका आणि चालू उपचार मध्येच सोडू नका. मुलींना लस, चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांची वेळेवर तपासणी, ॲस्बेस्टॉसच्या धुळीपासून आणि बेंझिनच्या वाफेपासून संरक्षण, ह्या मागण्या करारात घाला. भोंगा वाजविणे सोपे आहे. त्याबरोबर काय मागावयाचे, ते आधी पक्के झाले पाहिजे.